कावळा आणि कोष्टक

मरणावर खेळ मांडावा, ही कल्पना आमच्या पिढीस सुचली नसती. सोंगट्या होत्या, पत्ते होते, जागरणाच्या रात्री बुद्धिबळाचे पटही मांडले जात. पण त्यांत मरत असे ते लाकडी प्यादे. म्हणून २०२१ सालच्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी, सिल्वाशातील आमच्या देवळात आरती आटोपून आम्ही सभामंडपात टेकलो असता नातवाने जे सांगितले, ते प्रथम आम्हांस नीट कळलेच नाही.

नातू मुंबईस नोकरीस असतो. सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, “आजोबा, आमच्या कचेरीत एक खेळ चालतो. वर्षाच्या आरंभी प्रत्येकाने दहा नामांकित व्यक्तींची नावे लिहून द्यायची. वर्षभरात त्यांतले जितके जातील तितके गुण आपले.”

“जातील म्हणजे कोठे?” आम्ही विचारले.

तो जरा ओशाळला आणि वर बोट करून हसला.

हा खेळ मूळचा विलायत-अमेरिकेकडचा. क्लिंट ईस्टवुडचा एक चित्रपट १९८८ साली याच खेळावर बेतून निघाला होता, त्यावरून तो तिकडे किती रुळला असेल याची कल्पना यावी. त्यातील गुणांची रीत अशी, की शंभरांतून मृताचे वय वजा करायचे. उरेल तो आकडा खेळाडूच्या पदरात. नव्वदीचा वृद्ध गेला तर दहा गुण, चाळिशीतला गेला तर साठ. आम्ही रागावलो. देवाच्या दारी हे काय बोलणे, असेही म्हणालो. त्यावर नातवाने दिलेले उत्तर आमच्या वर्मी लागले. तो म्हणाला, “आजोबा, तुम्ही अडतीस वर्षे विम्याच्या कचेरीत होता. कोण केव्हा मरेल याचाच हिशेब तुम्ही मांडलात ना?”

वाचकहो, माणसाच्या अंगी मुरलेली विद्या हा त्याचा मोठा दुबळेपणा असतो. राग बाजूस राहिला आणि आमच्यातला जुना कारकून जागा झाला. आम्ही त्यास शिकवू लागलो.

मरणाचा हिशेब मांडण्याची विद्या साडेतीनशे वर्षांपलीकडची आहे. लंडन शहरात आठवड्याच्या आठवड्याला मृतांच्या याद्या छापल्या जात. जॉन ग्राँट नावाच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने त्या वर्षानुवर्षांच्या याद्या जमवून १६६२ साली त्यांवर ग्रंथ लिहिला, आणि एकेकट्या माणसाचे मरण अनिश्चित असले तरी हजारोंच्या मरणास एक शिस्त असते, हे प्रथम जगास दाखविले. पुढे धूमकेतूमुळे प्रसिद्ध असलेल्या हॅलेने १६९३ साली ब्रेस्लाव शहराच्या नोंदींवरून आयुर्मानाचे कोष्टक रचले. १८२५ साली गाँपर्ट्झ या विमागणितज्ञाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली: प्रौढपणी मरणाचा धोका वयाबरोबर नुसता वाढत नाही, ठराविक वर्षांनी तो दुप्पट होत जातो. आजच्या कोष्टकांत ही दुप्पट सुमारे आठ वर्षांनी होते. सावकाराच्या चक्रवाढीसारखाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे ऋणको दरवेळी आपणच.

याच विद्येवर विमा उभा राहिला. आपल्याकडे १८७० साली बाँबे म्यूच्युअल ही संस्था निघाली, तोवर हिंदी माणसाच्या आयुष्याचा भरवसा कमी म्हणून त्याजकडून जादा हप्ता घेतला जाई. बाँबे म्यूच्युअलने तो सर्वसाधारण दराने घेण्यास आरंभ केला. कोष्टकात आपले आयुष्य इतरांच्या तोलाचे लिहिले जाणे, हीसुद्धा एक प्रकारची प्रतिष्ठाच होती. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि ते कोष्टक खेडोपाडी पोहोचले.

नातू मन लावून ऐकत होता. तेव्हा आम्ही त्यास खेळाचे गणितही करून दाखविले. विलायतेची आजची कोष्टके पाहिली तर नव्वदीच्या सहा-सात माणसांपैकी एक पुढल्या वर्षभरात जातो. म्हणजे नव्वदीच्या दहा थोरांची नावे लिहिली तर सरासरीने एक किंवा दोन बरोबर येतील. दहाच्या दहा वर्ष काढतील, असेही पाचांत एकदा घडेल. नव्वदीच्या माणसाविषयी “हा आता जाणार” असे जो म्हणतो, तो सहांतून पाच वेळा खोटा ठरतो, हे ध्यानात धरण्यासारखे आहे. म्हातारा माणूस मरणाच्या दारी बसलेला असतो असे आपण म्हणतो. पण बहुतेक वर्षी ते दार उघडतच नाही.

खेळणाऱ्यांना हे थोड्या दिवसांत कळते. मग त्यांचा कल पालटतो. नुसते वय पाहून गुण फारसे मिळत नाहीत, म्हणून ते दुखण्याकडे वळतात. अमुक नट रुग्णालयात, तमुक गायकास श्वास घेण्यास त्रास, अशा बातम्या ते शोधू लागतात. त्यापुढची पायरी तरुणांची. व्यसनात बुडालेला, वेगाने गाडी हाकणारा, मनाने खचलेला असा कोणी नामांकित तरुण त्यांना सापडतो; कारण तेथे पन्नास-साठ गुणांचा लाभ असतो. खेळाची सारी लालूच अकाली मृत्यूकडे झुकलेली असते. आपले वडीलधारे वाकून नमस्कार करणाऱ्यास “शतायुषी भव” म्हणत; या खेळात शतायुषी माणसाचे मोल शून्य.

इतके बोलून आम्ही थांबावयास हवे होते. पण नातू म्हणाला, “मग द्या ना दहा नावे; तुमच्या गणिताची परीक्षा होईल.” आणि आम्ही, मंडपातील समईच्या उजेडात, पावतीच्या एका कोऱ्या कागदावर दहा नावे लिहिली. बहुतेक नव्वदीच्या पुढची. पाचवे नाव लता मंगेशकर.

ते नाव आम्ही कसे लिहिले, याचा उलगडा आम्हांस आजही होत नाही. आमचे घराणे मूळचे फोंडे महालातले. मंगेशीच्या देवळाशी ज्या घराण्याची सेवा जोडलेली, ज्या गावावरून दीनानाथांनी आपले आडनाव घेतले, ते आमच्या आजोळापासून हाकेच्या अंतरावर. आणि सिल्वाशाचे तर त्या गळ्याशी वेगळे ऋण आहे. पोर्तुगीज अमलात आमचे वडील येथे सरकारी कारकून होते. आम्ही सात वर्षांचे होतो तेव्हा, २ ऑगस्ट १९५४ रोजी, भर पावसात स्वयंसेवकांनी सिल्वासा मुक्त केले. त्यांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, राजाभाऊ वाकणकर होते. त्या कार्यास पैसा लागत होता, आणि तो उभा करण्यासाठी लताबाई पुण्यास गायल्या होत्या. आमचे वडील ही गोष्ट दर वर्षी मुक्तिदिनी सांगत.

त्यांची आणखी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. त्या काळी वडिलांच्या ओळखीतले काही सावध लोक म्हणत, “घाई कशाला? सालाझार पासष्ट वर्षांचा झाला. तो गेला की सारे आपोआप सुटेल.” हाही एक मरणाचा अंदाजच होता. त्या अंदाजावर सिल्वासा बसून राहिले असते तर काय झाले असते? सालाझार सत्तेवर राहिला तो १९६८ पर्यंत. मेंदूच्या आजाराने तो निकामी झाला तेव्हा दुसरा पंतप्रधान नेमला गेला. पण भोवतीच्या लोकांनी ते त्यास कळू दिले नाही, आणि आपणच राज्य करीत आहोत अशा समजुतीत तो २७ जुलै १९७० रोजी वारला. सोळा वर्षे! दुसऱ्याच्या मरणावर नजर लावून बसणाऱ्याचे हातपाय गळतात, एवढे तरी आमच्या गावास अनुभवाने ठाऊक होते. आणि त्याच गावात बसून आम्ही यादी करीत होतो.

पुढचे दोन महिने महाराष्ट्रास आठवत असतील. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी बाबासाहेब पुरंदरे गेलेच होते, शंभरी पुरी होण्यास काही महिने उरले असता. खेळाच्या हिशेबाने त्यांचा एक गुण. मग ४ जानेवारी २०२२ रोजी सिंधुताई सपकाळ गेल्या. १७ तारखेस एन. डी. पाटील आणि त्याच दिवशी दिल्लीस बिरजू महाराज. २७ तारखेस अनिल अवचट, २ फेब्रुवारीस रमेश देव. देवळात येणारी मंडळी म्हणू लागली, “हे वर्षच वाईट. माणसे रांगेने चालली.” पंचांगातील वर्षफल काढून पाहिले गेले. “एखाद्या थोर पुरुषास धोका” हे वाक्य त्यात होते. ते दर वर्षी असते, आणि दर वर्षी खरे होते.

आम्ही मात्र कोष्टकाच्या भाषेत मंडळींची समजूत घालीत होतो. लग्नात अक्षता टाकतो तेव्हा त्या पाटावर सारख्या अंतराने पडतात काय? कोठे पाचसहा एकत्र पडतात, कोठे वीतभर जागा रिकामी राहते. कोणी मुद्दाम तशा टाकीत नाही. मरणाच्या तारखांचेही तसेच. शिवाय दुसरे एक कारण आहे. आपल्या आजोबांच्या काळी सबंध मुलुखात नावाने व चेहऱ्याने ओळखीची माणसे किती असत? राजे, संत, पुढारी, दोनचार गवई. पुढे बोलपट आला, रेडिओ आला, १९७२ साली मुंबईस दूरदर्शन आले, आणि घरोघरी शेकडो चेहरे आप्तांसारखे झाले. ती सारी माणसे आता सत्तरी-ऐंशी-नव्वदीस पोहोचली आहेत. जगभर हेच घडते आहे. २०१६ साली जानेवारीत डेव्हिड बोवी, जूनमध्ये महंमद अली, नोव्हेंबरात कॅस्ट्रो, डिसेंबरात जयललिता गेल्या, तेव्हाही लोक त्या वर्षास शाप देत होते. दोष वर्षाचा नव्हता. ज्यांना आपण ओळखतो अशांची संख्याच वाढली आहे. तेव्हा आपल्या वाट्यास येणारी सुतकेही वाढणारच.

हे सारे बरोबर होते. आजही त्यातले एक अक्षर आम्ही मागे घेणार नाही. पण बरोबर असणे आणि माणसासारखे असणे यांत अंतर पडू शकते, हे आम्हांस ६ फेब्रुवारीस कळले.

लताबाई ८ जानेवारीपासून मुंबईस रुग्णालयात होत्या. आदल्या दिवशी वसंतपंचमी होती. देवळात सरस्वतीपूजन झाले होते आणि मुलांनी पाट्या-पुस्तके मांडली होती. रविवारी सकाळी आम्ही मंडपातील फुले आवरीत असताना नातवाचा मुंबईहून फोन आला. आवाजात हर्ष नव्हता, पण घाई होती. तो म्हणाला, “आजोबा, तुमचे पाचवे आले.”

आणि आमच्या मनात पहिला शब्द उमटला तो “आठ”.

लताबाई ब्याण्णव वर्षांच्या होत्या. शंभरांतून ब्याण्णव गेले, उरले आठ. दुःख त्याच्या मागून आले. कदाचित अर्ध्या क्षणाने आले असेल. पण मागून आले. ज्या स्वराने आमच्या घरातील बारशी, लग्ने आणि एकादश्या भरून टाकल्या, ज्या स्वराने आमच्या गावाच्या स्वातंत्र्यास पैसा मिळवून दिला, तो थांबल्याची वार्ता कानी पडली आणि आम्ही वजाबाकी केली. हातातली फुले तशीच राहिली. सरस्वतीच्या तसबिरीकडे पाहण्याचा आम्हांस धीर झाला नाही.

त्या दुपारी आमच्या मनात एक फार जुनी गोष्ट वर आली.

१९६३ सालची गोष्ट. आम्ही सोळा वर्षांचे होतो. परसात विहिरीवर स्नान करीत असता एक कावळा आला आणि आमच्या डोक्यास पंजे लावून उडून गेला. आजीने ते पाहिले. कावळा डोक्यास शिवणे हा आपल्या कोकण-गोमंतकात मोठा अपशकुन. त्यावरचा उताराही ठरलेला. ज्यास कावळा शिवला तो मेला, अशी बातमी जवळच्या आप्तास कळवायची. त्याने ती खरी मानून रडायचे. अश्रू पडले म्हणजे मरणास आपला भाग पोहोचला, आणि तो माणूस दीर्घायुषी झाला. मागाहून खरे कळवायचे. आजीने त्याच दुपारी मामास कार्ड लिहविले. वर ‘श्री’ नाही, एक कोपरा फाडलेला. अशुभ वार्तेच्या पत्राची जशी रीत होती तसे. दुसऱ्या दिवशी खुलाशाचे दुसरे कार्डही गेले.

पण मामा दुसऱ्या कार्डासाठी थांबला नाही. पहिले मिळताच तो फोंड्याहून निघाला, दोन रात्री आगगाडीत काढून वापीस उतरला आणि तेथून सिल्वाशास आला. दाढी वाढलेली, अंगावर तेच कपडे. आम्ही ओसरीवर पेरू खात बसलो होतो. त्याने आम्हांस पाहिले. तो पुढे आला, एक सणसणीत थोबाडीत दिली, आणि आमच्या पायांशी मटकन बसून हुंदके देऊ लागला. आजी आतून म्हणाली, “फट खबर दिली म्हूण कितें जालें? भुरगो जिवो आसा न्हय!” मामाने उत्तर दिले नाही. ते कोपरा फाडलेले कार्ड त्याच्या सदऱ्याच्या खिशात होते. घामाने अक्षरे फुटली होती. जाताना ते तो आमच्यापाशी ठेवून गेला. आजही ते आहे.

कावळ्याच्या पंजाने मरण येते, असे आम्ही विम्याच्या कचेरीत गेल्यावर कधी मानले नाही. मामास दिलेला ताप योग्य होता, असेही म्हणत नाही. पण त्या रूढीच्या पोटी जी समजूत होती, तिचा अर्थ आम्हांस साठ वर्षांनी लागला. तेथे मरणाची बातमी खोटी होती, आणि रडणारा खरा होता. या नव्या खेळात बातमी खरी असते, आणि रडणारा कोणी नसतो.

खोट्या बातमीने आयुष्य वाढते, हा समज किती दूरवर आहे पाहा. २२ मार्च १९७९ रोजी जयप्रकाश नारायण मुंबईस जसलोक रुग्णालयात असता ते निवर्तल्याचे पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत सांगितले. मोरारजीभाई आमच्या शेजारच्या वलसाडजवळील भदेलीचे. म्हणून या भागात त्या प्रसंगाची चर्चा अधिकच झाली. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, आणि मागाहून कळले की जयप्रकाशजी जिवंत आहेत. लोकांस संकोच वाटला, पण आनंदही झाला. “आता आयुष्य वाढले” असे जो तो म्हणाला. ते पुढे ८ ऑक्टोबरपर्यंत जगले. आता दुसरे उदाहरण घ्या. २०२२ च्या नोव्हेंबरात पुण्यास विक्रम गोखले अत्यवस्थ असताना त्यांच्या निधनाची बातमी देशभर पसरली, श्रद्धांजल्या सुरू झाल्या, आणि घरच्यांना आपले माणूस अजून आहे असे सांगत बसावे लागले. २६ तारखेस ते गेले. या वेळी “आयुष्य वाढले” असे कोणी म्हटलेले आमच्या कानी आले नाही. चूक दोन्हीकडे होती. पण पहिल्या वेळी ती कळल्यावर लोक हायसे झाले. दुसऱ्या वेळी ते खऱ्या बातमीची वाट पाहू लागले.

विम्याच्या विद्येने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. अठराव्या शतकात लंडनला आजारी थोरांच्या आयुष्यावर परक्यांनी पैजेखातर विमे उतरविण्याची खोड पसरली होती. १७७४ साली तेथील पार्लमेंटने कायदा केला, की ज्याच्या जगण्यात तुमचे हित आहे, त्याच्याच आयुष्याचा विमा तुम्हांस घेता येईल. अडतीस वर्षे आम्ही हे कलम अर्जदारांस समजावून सांगत आलो, पण त्याकडे केवळ कलम म्हणूनच पाहिले. त्यातला धर्म असा, की ज्याच्या जाण्याने तुमचे काही बुडते, त्यानेच त्याच्या जाण्याचा हिशेब करावा.

आपल्या पुराणांतही मरणाचे भाकीत आहेच. नारदांनी सावित्रीस सांगितले, की सत्यवान एक वर्षाने जाईल. तिनेही दिवस मोजले. पण वरले ते त्यालाच, शेवटचे तीन दिवस व्रत धरले, आणि त्या दिवशी ती त्याच्याबरोबर अरण्यात गेली. परीक्षितीस सात दिवसांची मुदत कळली. ते सात दिवस त्याने भागवत ऐकण्यात घालविले. मोजणे पाप नव्हे. मोजून झाल्यावर माणूस कोठे जाऊन बसतो, हा प्रश्न आहे. सावित्री सोबत गेली. मामा आगगाडीत बसला. आम्ही मात्र गुण लिहावयास कागद शोधीत होतो.

त्या रविवारी सायंकाळी शिवाजी पार्कवरील अंत्यसंस्कार मंडळींनी देवळाशेजारच्या खोलीत एकत्र बसून पाहिले. घरी आल्यावर आम्ही यादी काढली आणि तिचा एक कोपरा फाडला. मग ती मामाच्या कार्डाबरोबर एकाच पाकिटात ठेवून दिली.

वर्षअखेरीस नातू पुन्हा आला. दहांतील दोघे गेले होते, आठ राहिले होते. गणित म्हणाल तर तंतोतंत उतरले होते. त्याने नवी नावे मागितली नाहीत, आणि आम्हीही उपदेश केला नाही. आम्ही त्यास पाकीट दाखविले. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिले, फुटलेली अक्षरे लावून वाचण्याचा प्रयत्न केला, आणि बऱ्याच वेळाने विचारले, “आजोबा, मामांनी मग दुसरे कार्ड वाचले की नाही?”

वाचले असणार. ते परत गेले तेव्हा ते त्यांच्या दारात पडलेले होते. त्यात आजीने लिहविले होते, की मुलगा खुशाल आहे, रडला असशील तर बरे झाले.